हसण्याच्या चुण्या

सोमवार, ९ तारीख, सकाळी

अनेक आशीर्वाद.

पोरी, आशीर्वाद लिहू नका असं मी मास्तरांना सांगितलं होतं. तू घेणार नाहीस, उगाच फुकट जातील. पण त्यांनी सवयीने वर लिहूनच टाकले, आणि आता खोडले तर कागद घाण दिसेल म्हणतात. राहू देत. नको असतील तर तेवढा कोपरा फाडून टाक.

मास्तर म्हणजे तेच, ज्यांच्या दुकानात मी काजं करते आणि बटणं लावते. त्यांनी आयुष्यभर छाती, कंबर, बाही एवढंच लिहिलंय. मधेच कुठे बेचाळीस-छत्तीस आलं तर समजून घे. फोन केला असता, पण माझा आवाज आला की तू ठेवतेस. पत्राचं बरं असतं, ठेवून दिलं तरी ते बोलायचं थांबत नाही.

आता कामाचं. मला तोंडावरच्या चुण्या काढून घ्यायच्या आहेत. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन उतरतात ना, हसलं की खोल जातात, त्या. आपल्या घराण्याच्या. माझ्या आईला होत्या, मला आहेत, तुला होत्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हातारीला काय खूळ लागलं म्हणशील. लागलं. जाताना तरी इस्त्री केलेली जावी म्हणते.

तू दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आलीस तेव्हा तुझ्या त्या भरून घेतलेल्या होत्या. तेव्हा जे विचारायचं ते मी विचारलं नाही, दारात भलतंच विचारलं, आणि तू महिन्याच्या सुट्टीतले चार दिवस काढून परत गेलीस. ते असो. आत्ता विचारते. काय भरतात गं आत? फार दुखतं का? भरल्यावर तिथली कातडी पांढरी पडते का? आणि पडली तर किती वेळाने जागेवर येते? एवढं कळव. मला करायचं आहे म्हणून विचारते, दुसरं काही नाही.

तुझी लेक, आपली बटण, मजेत आहे. तेवीस वर्षांची घोडी झाली, तरी माझ्या तोंडी बटणच बसलंय. चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे, दिवसभर गिऱ्हाइकासमोर आरसा धरून हसायचं. काल रविवारी तुझ्याशी बोलताना तिने कॅमेरा बंद ठेवला, तो नेट कमी होतं म्हणून. आज कामावर गेली नाही, ती दाढ दुखते म्हणून. तोंडाला रुमाल बांधून पडली आहे. दाढच आहे.

बाकी इकडे नवं काही नाही. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय, तीनशे शर्ट, शर्टाला सात काजं. जाड सुयांच्या डबीवरची खूण झिजून गेली होती, तर आज सकाळी घरी टेबलावर एक चकचकीत स्टिकर सापडलं, निळ्या रेघेचं. तेच दुकानात आणून डबीला लावलं. मला अक्षर कळत नसलं तरी रंग कळतात, माझ्या सगळ्या डब्या अशाच चालतात. तेवढीच आजची कमाई.

पत्र तुझ्या त्या परदेशात पोचायला अकरा दिवस लागतात म्हणे. तरी उत्तर लवकर दे.

तुझी आई, अंगठा.

मास्तर म्हणतात अंगठा कशाला, हे काय खरेदीखत आहे? मी म्हटलं, असू दे. माझ्या नावावर दुसरंच कोणी गोड बोलतंय असं तिला वाटायला नको.


सोमवार, त्याच दिवशी, संध्याकाळी

पोरी, सकाळचं पत्र टाकलं नाही. मास्तरांच्या कात्रीखाली पडलं आहे. त्यातली दाढ खोटी आणि माझी हौसही खोटी. मला कशाला चुण्या काढायच्या आहेत? त्या काढल्या तर माझं तोंडच खाली येईल, त्यांच्यावरच तर ते टांगलेलं आहे.

सकाळी बटण झोपेत असताना तिचा रुमाल सरकला होता. नाकाच्या उजव्या अंगाला कातडी पांढरीफटक दिसली, खडूने ओढल्यासारखी. मी रुमाल वर केला आणि कामाला आले. तुला पत्र लिहायला बसले ते त्या भीतीने. आत्ता घरी जाऊन पाहिलं, तर पांढरं राहिलं नव्हतं. जांभळी जाळी झाली आहे, लेसचा तुकडा ठेवावा तशी, नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत.

इथे मास्तरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा पुसत आहेत.

हं. लिहा.

मग मी तिला उठवून बसवलं आणि तिने सांगितलं. त्यांच्या दुकानाने दारात मोठं पोस्टर लावलं आहे आणि त्यावर हिचाच फोटो. आनंदाची गोष्ट ना? पण मॅनेजरने फोटो कॉम्प्युटरवर घासून घेतला. पोस्टरमधली बटण तोंडभर हसते आणि तोंडावर एक रेघ नाही. गिऱ्हाईक आत येताना वर बघतं, मग हिच्याकडे बघतं, मग पुन्हा वर. म्हणे, “आजी, मी रोज माझ्यापेक्षा बऱ्या मुलीखाली उभी असते.”

महिन्यापूर्वी ती मला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती, माझ्या हाताच्या खाजेसाठी. खाज दोन मिनिटांत आटपली आणि हिचीच चौकशी सुरू झाली. बाई भल्या, सगळं उलगडून सांगितलं. मलम आहे, झोपताना लावायचं, उन्हाला जपायचं, सहा महिन्यांनी थोडा फरक. लेसर आहे, वरची कातडी भाजून नवी येऊ द्यायची. बोटॉक्स कपाळाला बरं, इथे टोचलं तर हसणंच वाकडं व्हायचं. धागे आहेत, कातडीखालून ओवून गाल वर ओढायचा; तिथे मात्र मी खुर्ची पुढे सरकवली, म्हटलं गाठ कुठे मारता? आणि फिलर आहे, जेलीसारखं, सुईने आत भरलं की खळगा वर येतो. एवढं सगळं सांगून बाई शेवटी म्हणाल्या, की तेविसाव्या वर्षी यातलं काहीही मी करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ नकोस, तिथून मोठी रक्तवाहिनी जाते. येताना बटण एक शब्द बोलली नाही. मी बोलले.

काल दुपारी ती बाजारातल्या पार्लरवालीकडे जाऊन आली. एक बाजू काल, दुसरी पुढच्या रविवारी, असं ठरलं होतं. सुई आत गेल्यावर आग झाली, म्हणे. पार्लरवाली म्हणाली, होतं असं, बर्फ लाव. मी आत्ता तिथे जाऊन आले. कुलूप आहे. फोन बंद.

मी म्हटलं, चल डॉक्टरीणबाईंकडे, आत्ताच्या आत्ता. तर कडी लावून बसली. त्या बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणते. सकाळपर्यंत उतरेल, म्हणते. आणि मला शपथ घातली, की आईला फोन करायचा नाही. का, तर दाराआडून काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगते:

“आईचं सगळं नीट झालं होतं, तरी तू तिला हसलीस. माझं तर असं झालंय.”

तिच्या लक्षात आहे सगळं. एकवीस वर्षांची होती, पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागेच उभी होती. तू बॅगा घेऊन दारात आलीस, तोंड कसं नव्या कापडासारखं. आणि मी दार अर्धं उघडून म्हटलं, “कोण हवंय आपल्याला?”

शेजारपाजारचे हसले. मीही हसले, माझ्याच विनोदाला, नेहमीसारखी. तू नाही हसलीस. मला वाटलं, त्या भरलेल्या औषधाने हसता येत नसेल.

आता घरी जाते आणि तिच्या दारापाशी बसते. शपथ फोनची घातली आहे. पत्राचं ती काही बोलली नाही.


मंगळवार, १० तारीख, दुपारी, दवाखान्याच्या बाकावर

पोरी, मास्तर मापाच्या वहीवर लिहीत आहेत, म्हणून रेघा अशा.

सकाळी बटणने कडी काढली ती स्वतःहून. आरसा बघितला होता. चपला घातल्या. डॉक्टरीणबाईंनी रुमाल काढला आणि रागावल्या नाहीत. त्याची मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, भरलेलं औषध रक्तवाहिनीत गेलंय किंवा ती दाबली गेलीय. पुढच्या कातडीला रक्त पोचत नाही. आणखी उशीर झाला तर तेवढा भाग मरतो. मी विचारलं, मरतो म्हणजे? तर म्हणाल्या, काळा पडतो आणि गळतो. डोळ्याकडे गेलं नाही, ते नशीब समजा.

मी म्हटलं, बाई, जे घातलंय ते उसवता येतं का? म्हणाल्या, येतं, विरघळवणारं इंजेक्शन असतं. पहिलं मी लगेच देते. पण ते एकाच जातीच्या फिलरवर चालतं. पार्लरवालीने दुसऱ्या जातीचं काही भरलं असेल तर या सुया टोचत राहण्यात अर्थ नाही, वेगळी धडपड करावी लागेल. काय भरलं ते मला आत्ता कळायला हवं. अशा सिरींजबरोबर नावाचा कागद येतो, तो कुठे आहे?

बटण म्हणाली, दिला होता, पर्समध्ये टाकला होता. पर्स उलटी केली, नाही. ती आत सुई घेत होती आणि मी आणि मास्तर घरी धावलो. आता गंमत बघ. “नावाचा कागद” म्हटल्यावर मी काय शोधणार? ज्याच्यावर मुंग्या दिसतील तो कागद. विजेचं बिल घेतलं. गॅसची पावती घेतली. खोकल्याच्या बाटलीतली घडी घेतली, तुझ्या जुन्या शाळेचा दाखला घेतला, कचऱ्याच्या डब्यातून बिस्किटाचं वेष्टण काढून पुसून घेतलं. मास्तर एकेक वाचून नाही, नाही म्हणत होते, पण माझा त्यांच्यावर विश्वास बसेना. बेचाळीस-छत्तीस वाचणारा माणूस. पिशवीभर कागद आणून बाईंच्या टेबलावर ओतले.

बाईंनी तो ढीग बाजूला सारला आणि आपल्या खणातून एक स्टिकर काढून माझ्यासमोर धरलं. आजी, असं असतं, एवढंसं, चकचकीत, बहुतेक एखादी रंगाची रेघ.

पोरी, काल सकाळी मीच ते टेबलावरून उचललं होतं. निळी रेघ मी पाहिली, रेघेखाली माझ्या नातीचं नशीब लिहिलंय ते मला कसं दिसणार? मी म्हटलं, ते सुयांवर आहे. बाईंना वाटलं म्हातारी बरळते. मास्तरांना कळलं. तीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा पळताना पाहिलं. मास्तर म्हणतात हे लिहायची गरज नाही. लिहा.

स्टिकर सोलायला गेलो तर फाटेल, म्हणून डबीच आणली, सुयांसकट. बाईंनी चष्मा वर करून ती डबी डोळ्याजवळ धरली. केवढा वेळ वाचत होत्या. मला वाटलं, एवढ्याशा कागदावर असं किती लिहिलं असेल? बरं असेल तर लवकर संपायला नको का?

विरघळणाऱ्या जातीचंच आहे.

आता ती आत आहे. तासातासाने सुया देणार आहेत, मधे गरम फडकं. आणखी चोवीस तास आधी आणलं असतं तर, असं बाई म्हणाल्या. वाक्य पुरं करायचं नव्हतं त्यांना. ओठ वाचेल म्हणतात. नाकाजवळचं सांगता येत नाही. आतून आवाज येत नाही आहे. ती लहानपणी सुईला केवढी रडायची, आठवतं? आता रडत का नाही?

मास्तर विचारतात पुढे काय लिहू. मला सुचत नाही. हे आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.


शुक्रवार, १३ तारीख

पोरी, ओठ वाचला. जाळी बरीच उतरली. नाकपुडीच्या कडेला डाळीएवढी जागा काळी पडली आहे, ती वाचणार नाही. खपली पडेल, खाली खड्डा राहील, आणि भोवती डाग. किती, ते आत्ता कोणी सांगत नाही.

बटण बोलत नाही. जेवते, औषध लावू देते, भिंतीकडे तोंड करून पडते. घरातला आरसा उलटा करून ठेवला आहे. दुकानातून मॅनेजरचा फोन आला, कधी येणार विचारायला. तिने तो माझ्या हातात दिला आणि मला म्हणाली, सांग त्यांना, पोस्टरवालीला उभी करा. तीन दिवसांत तेवढंच बोलली.

मी एरवी कशी आहे तुला ठाऊक आहे. माणूस पडलं की आधी हसते, मग हात देते. आता मी तिच्याजवळ बसते आणि तोंड उघडायची हिंमत होत नाही. माझ्या जिभेला मी आयुष्यभर धार लावली, तिने भाजी चिरता येते की नाही ते कधी बघितलंच नाही.

दोन गोष्टी राहिल्या आहेत, त्या सांगते, मग मास्तरांना सोडते. तीनशे शर्ट तसेच पडले आहेत.

पहिली. डॉक्टरीणबाईंकडून परत येताना बटण बोलली नाही, मी बोलले, असं मागे लिहिलंय. काय बोलले ते गाळलं होतं. जिन्यात मी तिला म्हटलं, “एवढ्या लांब कशाला आलो? घरी इस्त्री गरमच असते, फिरवून देते एकदा.” ती लहान असल्यापासून मी तिला हे म्हणते. हसली की म्हणते, आली बघ चुणी, आणा इस्त्री. ती खिदळायची. खिदळणं कधी बंद झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. पोस्टर दुकानाने लावलं, सुई पार्लरवालीने मारली, पण मापं मी घेतली होती.

दुसरी. मंगळवारी दुपारी तुला एक फोन आला असेल, अनोळखी नंबरावरून, कोणी बोललं नाही. तो मास्तरांचा नंबर. बटणला दुसऱ्यांदा आत नेलं होतं आणि मी शपथ मोडली. माझ्या फोनवर तू घेतला नसतास, म्हणून त्यांच्या. तू घेतलास. दोन वर्षांनी माझ्या कानाशी तुझा आवाज ‘हॅलो’च्या पुढे गेला. मागे, तू तिकडे ज्यांना सांभाळतेस त्या म्हाताऱ्या मॅडमचा खोकला ऐकू येत होता, चमच्याचा आवाज येत होता, म्हणजे तू त्यांना भरवत होतीस. आणि तू किती अदबीने, किती परकं विचारलंस, “कोण हवंय आपल्याला?”

तुला माहीत नव्हतं कोण आहे. माहीत नसताना विचारलंस, त्यात काय चूक? पण मी फोन मास्तरांच्या हातात दिला आणि त्यांनी घाबरून बंद केला. बाकावर बसल्या बसल्या मला कळलं, ते दारातून कसं ऐकू आलं असेल.

आज मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुम्ही उसवलं नसतं आणि सगळं सुरळीत झालं असतं, तर ते आत कायमचं राहिलं असतं का? म्हणाल्या, छे, या जातीचं वर्ष-दीड वर्षात आपोआप विरून जातं, चुण्या पुन्हा जागेवर.

वर्ष-दीड वर्ष. तुला दोन होऊन गेली. म्हणजे तुझ्या तोंडावरचं ते केव्हाच विरलं असणार. तू तिकडे आपल्या घराण्याचं तोंड घेऊन हिंडते आहेस, आणि माझं वाक्य तेवढं आहे तसं राहिलंय. ते कुठल्या जातीचं होतं कोण जाणे.

ये, पोरी. मी मागत नाही कधी. मला भेटू नकोस हवं तर, मी मास्तरांच्या दुकानात झोपेन, इथे कापड भरपूर आहे. पण हिला कोणीतरी पाहिजे, जिने ही सुई घेतली आहे आणि जिला मी हसले आहे. त्यात बसणारं माणूस जगात एकच आहे.


सोमवार, ३० तारीख

अक्षर बदललेलं दिसलं असेल. गोल आहे, टपोरं आहे, ओळी सरळ आहेत. मास्तर नाहीत आज. कोण लिहितंय ते ओळख.

झालं असं, की मास्तरांनी चारही पत्रं तिला नेऊन दिली. मला न विचारता. शर्ट द्यायच्या निमित्ताने घरी आले, तिच्या उशाशी गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, तुझी आजी पत्रं सांगते आणि टाकत नाही, माझ्या दुकानात ठेवायला जागा नाही. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. शपथ मोडलीस म्हणणार. तिने सगळी वाचली, एका दमात, भिंतीकडे तोंड करून. मला पाठच दिसत होती. पाठीवरून काय कळणार? शिवण ठीक आहे एवढंच.

मग उठून बसली आणि म्हणाली, “आजी, बिस्किटाचं वेष्टण पुसून नेलंस तू?”

मी म्हटलं, नुसतं पुसून नाही, घडी घालून. आणि ती हसली गं. वीस दिवसांनी. खपली पडून गेली आहे, तिथे छोटा खळगा आहे आणि तांबूस डाग. डॉक्टरीणबाई म्हणतात वर्षभराने फिका होईल, खळगा मात्र राहील. उजवीकडचा गाल हसताना जरा बिचकत होता. डावीकडे सुई पोचलीच नव्हती. डावीकडे आपली चुणी पडली, अशी खोल, की माझी आईच कोपऱ्यातून डोकावली म्हणायची. मी बघत राहिले. तोंडातून शब्द काढला नाही. तर मलाच म्हणते, बोल ना काहीतरी, तू गप्प बसलीस की भीती वाटते.

ती म्हणते हे लिहिणार नाही. लिही. तू म्हणालीस की नाही? मग लिही.

परवापासून कामावर जाते. पोस्टर तसंच आहे, ती त्याच्याखाली उभी राहते. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, बाळ, तोंडाला काय झालं? हिने त्यांच्या नाकावर चष्मा ठेवत सांगितलं, इस्त्री जास्त गरम झाली. घरी येऊन मला हे सांगत होती आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, म्हातारी हसते का रडते. मी दोन्ही केलं. एकदम केलं की चुण्या सगळ्या वापरल्या जातात.

आरसा अजून उलटाच आहे. रोज संध्याकाळी ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहते आणि मग परत येते. मी विचारत नाही. सगळं बरं झालं असं मी तुला लिहून पाठवणार नाही, मला ते जमलं असतं तर पहिलंच पत्र गेलं असतं. रविवारी तुझ्याशी बोलताना आवाज हसरा ठेवते आणि फोन ठेवला की माझ्या मांडीवर डोकं टाकते. पुढच्या रविवारी कॅमेरा चालू करणार म्हणते. मागच्याही रविवारी म्हणाली होती.

हे पत्र बाकीच्या चार पत्रांबरोबर एकाच पाकिटात घालते आहे. पाकीट तीच बंद करणार, तीच टाकणार. पत्ताही तिच्याच हातचा. निळं स्टिकर मी डबीवरून काढू दिलं नाही, मास्तर नवं आणून देत होते तरी. त्यावर काय लिहिलंय ते बटणने बोट ठेवून एकेक अक्षर मला शिकवलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिला शब्द वाचायला शिकले, तोही त्या भरलेल्या औषधाचं नाव.

आता शेवटचं. इथे ती म्हणते, तू सांग, मी मधे बोलणार नाही.

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, कोण हवंय आपल्याला. उत्तर द्यायचं राहून गेलं.

तू हवी आहेस.

आई, अंगठा.